गोपाळदादांच्या गाडीचं पाणी

गोपाळदादांची गाडी पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात येऊन थांबली, तेव्हा महादेव फडक्यानं पाने पुसत होता. पाने स्वच्छच होते. बाजाराच्या वळणावरच त्यानं गाडीचा आवाज ओळखला होता आणि हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून फडकं उचललं होतं.

गोपाळदादा उतरले. दार अगदी हळू लावलं. एरवी हा माणूस बोलायला लागला की पेडण्याच्या बाजारातले दुकानदार गिऱ्हाईक सोडून पायरीवर येऊन ऐकत राहायचे. आज ते बॉनेटकडे बघत एवढंच म्हणाले, "म्हादेव, परत पाणी कमी झाला रे."

"किती?"

"कोरगावसून हयसर येयपर्यंत एक बाटली."

"खाली खंय गळता?"

"थेंब नाय. गाडयेखाली पुठ्ठो घालून ठेवलेलो. सुको."

"ठेवा गाडी," महादेव म्हणाला. "बघतंय मी."

आता हे काहीतरी बोलतील, निदान दोन शिव्या तरी हासडतील, म्हणून महादेव मान खाली घालून उभा राहिला. पण गोपाळदादांनी किल्ली बाकावर ठेवली, खांद्यावरचा पंचा नीट केला आणि ते मुकाट्यानं बसच्या थांब्याकडे चालू लागले. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

ही गाडी म्हणजे काही साधीसुधी गाडी नव्हती. पोर्तुगीज असताना मुरगावच्या बंदरात बोटीतून उतरलेली ती काळी जर्मन मोटार. एका भाटकारानं, म्हणजे बड्या जमीनदारानं, हौसेनं मागवलेली. गोपाळदादा त्याचे ड्रायव्हर. भाटकाराची मुलं लिस्बनला गेली, भाटकार देवाघरी गेला आणि गाडी राहिली गोपाळदादांकडे. तेव्हापासून कोरगावातली प्रत्येक वरात हिच्यातून निघाली, प्रत्येक अडलेली बाई म्हापशाच्या इस्पितळात हिच्यातूनच गेली. गावात तिला नुसतं 'जर्मनीण' म्हणत. तिला टेंपोचं डिझेल इंजिन बसवा, असा सल्ला देणाऱ्या शहाण्यांची कमी नव्हती. गोपाळदादांचं उत्तर ठरलेलं होतं. तिचं काळीज बदलायची वेळ आली तर मी घरी बसेन आणि तीही बसेल.

गोव्यात या गाडीच्या इंजिनाचा दुसरा ब्लॉक मिळणं अशक्य. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड. वरचं हेड बदलता येतं, दोहोंच्या मधलं गॅस्केट बदलता येतं, पण धडालाच चीर गेली की संपलं.

आणि ती चीर आपण पाडली आहे, अशी महादेवाची खात्री होती.

महादेव मूळचा सावंतवाडीकडचा. सहा वर्षं सुर्ल्याच्या खाणीवर ट्रकांच्या वर्कशॉपमध्ये काढून तो पेडण्याला बाबुराव मेस्त्रींकडे आला. बाबुराव म्हणजे उत्तर गोव्यातल्या जुन्या गाड्यांचे धन्वंतरी. इंजिनाचं काम पुरं झालं की वर शेंदराचा टिळा लावायचे, जास्वंदीचं फूल वाहायचे आणि मगच चालू करायचे. बोलायला तिखट. गेली दोन वर्षं राजभाषेवरून गोव्यात रान पेटलं होतं, तेव्हा बाबुराव कोंकणीच्या बाजूचे आणि गोपाळदादा मराठीच्या. बाबुराव आपली बाजू मराठी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवत मांडायचे आणि गोपाळदादा त्यांना कोंकणीतून खोडून काढायचे. गोवा राज्य झालं त्या दिवशी दोघांनी एकाच बशीतले पेढे खाल्ले. मग चतुर्थीच्या सुमाराला बाबुरावांच्या हातांना कंप सुटला. पाना बोल्टवर बसेना. त्यांनी गॅरेजची किल्ली महादेवाच्या हातात दिली आणि ते डिचोलीला लेकीकडे, सुमंगलाकडे, राहायला गेले. सख्खा पुतण्या असताना किल्ली सावंतवाडीकडच्या परक्या माणसाला दिली, यावर बाजारात बरीच कुजबुज झाली होती.

आणि महादेवानं एकट्यानं उघडलेलं पहिलं इंजिन या जर्मनिणीचं. तिचं हेडचं गॅस्केट उडालं होतं. त्यानं तीन दिवस राबून नवं गॅस्केट घातलं, हेड बसवलं, बोल्ट ओळीनं आवळले, मेस्त्रींच्या रिवाजाप्रमाणे वर टिळासुद्धा लावला. आणि मग चाचणीला एकटाच कोरगावच्या रस्त्याला लागला.

चढावर तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. पाणी भरताना आत हवा राहिली असावी. बॉनेटमधून वाफ यायला लागली, तसा त्याचा धीर सुटला. शेजारी विहीर होती, काठावर बालदी होती. जे काम करू नये म्हणून बाबुरावांनी त्याला शंभरदा बजावलं होतं, तेच त्यानं केलं. तापलेल्या इंजिनात विहिरीचं गार पाणी ओतलं. आतून चर्र झालं आणि मग एक बारीक 'टक' आवाज आला. तो 'टक' तेव्हापासून महादेवाच्या कानातून जात नव्हता. गाडी गार झाली, नीट चालली, त्यानं ती गोपाळदादांच्या ताब्यात दिली. विहिरीची गोष्ट कुणाला सांगितली नाही. अगदी बायकोलासुद्धा नाही.

आता गोपाळदादा वळणाआड गेल्यावर त्यानं बॉनेट उघडलं. गेल्या दोन खेपांना त्यानं नळ्या बदलल्या होत्या, पंप तपासला होता, बाहेर कुठं ओल नाही याची खात्री केली होती. म्हणजे पाणी आतल्या आत जात होतं. चारी प्लग काढून त्यानं ओळीनं मांडले. सिलिंडरमध्ये पाणी शिरत असेल तर तिथला प्लग वाफेनं धुऊन लख्ख निघतो. हे चारही सारखे, सुके, खाकी रंगाचे. मग इंजिन चालू करून तो रेडिएटरच्या तोंडात बघत राहिला. गॅस्केट फुटलं असेल तर पाण्यात बुडबुडे येतात. एक बुडबुडा आला नाही. शेवटी त्यानं तेलाचं झाकण फिरवलं. झाकणाच्या आत पिवळट पांढरा फेस लागला होता, दुधाच्या सायीसारखा. तेलात पाणी.

महादेव बाकावर बसला. प्लग सुके, बुडबुडे नाहीत आणि पाणी तेलात. गॅस्केट शाबूत होतं. मग राहिलं काय? इंजिनात पाण्याची वाट वेगळी, तेलाची वेगळी आणि दोघांच्या मध्ये फक्त लोखंडाची भिंत. ती भिंत त्यानं अर्धी बालदी ओतून फोडली होती.

दुपारी त्याची बायको तारा जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा त्याला तिच्यापुढे सगळं ओकावं लागलं. विहीर, बालदी, 'टक', सगळं. शिवाय सुर्ल्याच्या मुकादमाचा निरोप आला होता, तेही. ट्रकवर माणूस हवा होता, सोमवारपासून.

"मी जातलंय सुर्ल्याक," तो म्हणाला. "किल्ली मेस्त्रींच्या पुतण्याक देऊन टाकतंय. माका ह्या जमूचा नाय."

तारानं डब्याचं झाकण लावलं. "आनी गोपाळदादांका काय सांगतलास?"

तो फडकं घेऊन पुन्हा पाने पुसायला लागला.

"तुमी मेस्त्रींकडे कित्याक जायत नाय?"

"खंयच्या तोंडान जाव?"

"ह्याच तोंडान. दुसरा खंय आसा तुमका?"

बायकोनं असं म्हटल्यावर कुठल्या नवऱ्याची नाही म्हणायची टाप आहे! शुक्रवारी सकाळी महादेव म्हापशाच्या बसमध्ये बसला, तिथून डिचोलीची बस पकडली आणि वाटभर मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवत राहिला. सुमंगलाच्या घरी पोचेपर्यंत ते काही जुळलं नाही.

बाबुराव बाहेर सोप्यावर बसले होते. हातात धरलं तर थरथरतं म्हणून वर्तमानपत्र मेजावर पसरलेलं. महादेवाला बघून त्यांनी चष्मा वर केला. "सुमंगला, म्हादेव इलोसा! चाय हाड आनी उंडो हाड." मग त्याच्याकडे निरखून बघत म्हणाले, "गाडयेचा काय झाला ता आधी सांग. तुझो चेहरो मागसून बघतंय."

महादेवानं सांगितलं. प्लग, बुडबुडे, फेस. बाबुराव डोळे मिटून ऐकत होते. तेवढ्यात सुमंगला चहा आणि पोदेराच्या भट्टीतले ताजे उंडे, जाड कवचाचे पाव, ठेवून गेली. ती आत जाईपर्यंत महादेव थांबला.

"मेस्त्री, आनी एक आसा." आणि त्यानं विहिरीचं सांगितलं. सांगताना त्याचे कान तापले.

बाबुरावांनी उंडा मोडला, चहात बुडवला, खाल्ला. घाई नाही. "गरम इंजिनात थंड पाणी ओतू नये, ह्या तुका कोणी शिकवलेला?"

"तुमी."

"मगे?"

"भियालंय."

"इंजिन चालू होता काय बंद?"

"चालू."

"चालू होता? म्हणजे पाणी आत फिरत रवला. मगे इतक्यात रडू नको." बाबुरावांनी कपाच्या कडेवर बोट वाजवलं. "तेलात पाणी येता. बरा. ता वरसून येता काय खालसून? बघितलंस?"

"नाय."

"मगे ब्लॉक फुटलो म्हणान कोणी सांगला तुका? पोटात दुखूक लागला म्हणान कोण सरण रचता?" आणि त्यांनी आत हाक मारली, "सुमंगला, माझी पिशवी भर. फाल्यां सकाळी पेडण्याक जातंय!"

सुमंगला बाहेर आली, या तब्येतीत दोन बस बदलून कुठं जाता, म्हणाली, वडिलांनी ऐकलं नाही. महादेवाला त्या रात्री तिनं ठेवूनच घेतलं. त्याला जेवण गेलं, झोपही लागली. बोलून टाकल्यावर माणूस किती हलका होतो, हे त्याला इतके दिवस उगाच ठाऊक नव्हतं.

शनिवारी दहाच्या सुमाराला बाबुराव मेस्त्री आपल्या गॅरेजच्या बाकावर बसले आणि हुकूम सोडायला लागले. तारा आधीच येऊन बसली होती. काय होईल ते डोळ्यांनी बघायचं, असं तिनं ठरवलं होतं.

"खालची टाकी उतर. तेल काढ. वरचा झाकण काढ. आनी तारा, तू घराकडसून रांगोळी घेऊन ये."

"रांगोळी?"

"रांगोळी. बिनरंगाची."

महादेवानं इंजिनाच्या खालची तेलाची टाकी उतरवली, वरचं झाकणही काढलं. आता इंजिन वरून आणि खालून उघडं होतं. वरच्या बाजूला हेडचे दहा बोल्ट दिसत होते, तेलात चमकणारे. ते त्यानं रॉकेलच्या फडक्यानं पुसून कोरडे ठणठणीत केले. तारानं आणलेली रांगोळी बाबुरावांनी चिमटीत घेऊन बघितली, पण हात इतका हलत होता की त्यांनी ती चिमूट पुन्हा डब्यात टाकली.

"तू घाल," ते ताराला म्हणाले. "प्रत्येक बोल्टाच्या भोवतणी. पातळ. दारात घालतंस तशी."

मग त्यांनी कपाटातून एक जुनं रेडिएटरचं झाकण काढायला लावलं. त्याला मध्ये सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह डाख देऊन बसवलेला. महादेवानं रेडिएटर काठोकाठ भरला, झाकण घट्ट बसवलं आणि सायकलचा पंप लावला.

"हळू. जास्त नाय. आतल्या पाण्याक कोपरान ढोसलला तितक्याच. हां, बस. आता तू खाली. बॅटरी घे. तारा, तू वर बघ."

महादेव पाठीवर सरकत गाडीखाली गेला. डोक्यावर ब्लॉकचं पोट उघडं होतं. चीर असेल तर दाबलेलं पाणी तिच्यातून पाझरेल, थेंब धरेल, गालावर पडेल. त्यानं बॅटरीचा झोत एका टोकापासून फिरवायला सुरुवात केली. पहिला सिलिंडर, दुसरा. सुका. तिसरा. तिथं काहीतरी चमकलं. त्यानं बोट लावलं. तेल. चौथा. पुन्हा पहिल्यापासून.

"काय दिसता?" बाबुरावांनी विचारलं.

"काय नाय."

"घाई नको. थांब तसोच."

गाडीखाली पडून वाट बघण्यासारखी वाईट गोष्ट नाही. दहा मिनिटं झाली असतील. महादेव देवाचं नाव घ्यायचंसुद्धा विसरला होता. तेवढ्यात वरून ताराचा आवाज आला.

"अवो, ह्या हयसर काळा झाला."

"खंय?" दोघंही एकदम ओरडले.

"ह्या मागच्या बोल्टाकडे. मगाशी पांढरा होता. आता भिजला."

महादेव गाडीखालून इतक्या जोरात निघाला की त्याचं कपाळ आपटलं. नऊ बोल्टांभोवतीची रांगोळी पांढरीशुभ्र होती. मागच्या एका बोल्टाच्या डोक्याभोवती मात्र ती ओली होऊन काळपट झाली होती आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती ओल नखभर पुढं सरकली. पाणी बोल्टाच्या आट्यांमधून वर चढत होतं आणि तिथून तेलात उतरत होतं. ब्लॉकचा यात काही संबंधच नव्हता.

बाबुरावही वाकून बघत होते. मग त्यांचा चेहरा एकाएकी उतरला.

"म्हादेव, ह्या बोल्टाक तू काय लावलंस?"

"काय नाय. साफ करून, कोरडो करून बसवलंय. खाणीवर तसोच बसवीत."

"काढलंस तेव्हा ताका काय लागलेला?"

"शेंदूर," महादेव म्हणाला. "वाळलेलो. माका वाटला, तुमी पूजेचो लावलास. मी कपाळाक लावून मगे पुसलंय. नवो टिळो वरच्या झाकणार लावलो, तुमचो मान म्हणान."

बाबुराव बाकावर जाऊन बसले. तारानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.

"ता पूजेचा नव्हता रे," ते अखेर म्हणाले. "ह्या एका बोल्टाचा भोक आरपार पाण्यात जाता. बाकीचे नऊ सुके. ह्येच्या आट्यांत शेंदूर अळशीच्या तेलात मळून भरूचो लागता, मगे पाणी वर चढत नाय. म्हापशाच्या एका म्हाताऱ्या मेस्तान माका शिकवलेला."

"मगे तुमी सांगूक नाय कधी?"

बाबुरावांनी थरथरणारा एक हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला. "लोकांनी शेंदूर बघितलो, म्हणाले, बाबुराव बोल्टाची पूजा करता, ह्येच्या हाताक देव आसा. माका बरा वाटला. दुसऱ्या गॅरेजवाल्यांका कळाचा नाय म्हणान मी पण तसाच चालू ठेवलंय. वरचो टिळोसुद्धा तेच्यासाठीच सुरू केलो. तुका सगळा शिकवलंय, म्हादेव. ह्या एक ठेवलंय. आज सांगतंय, उद्या सांगतंय, करता करता हात गेले, आनी सांगूचा रवला." ते थांबले. "चूक माझी आसा. तुझी नाय."

या माणसाच्या तोंडून 'चूक माझी' हे शब्द महादेवानं कधी ऐकले नव्हते. त्याला राग यायला हवा होता, पंधरा दिवस तो जळत होता. पण राग काही आला नाही. ब्लॉक शाबूत होता, जर्मनीण जिवंत होती आणि त्याला फक्त मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं. त्यानं बाबुरावांच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "अळशीचा तेल खंय आसा?"

तारा हसली. मग बाबुरावही हसले, जरा ओशाळून.

पाणी सोडून महादेवानं तो एकच बोल्ट काढला, आटे पुसले, शेंदूर तेलात मळून बाबुराव सांगतील तेवढा घट्ट केला आणि आट्यांत भरला. बोल्ट आवळताना बाबुराव शेजारी उभे राहून पान्याचे वेढे मोजत होते. नंतर पुन्हा पंप, पुन्हा रांगोळी. अर्धा तास तिघंही त्या पांढऱ्या पुडीकडे टक लावून बसले. ती पांढरीच राहिली. मग टाकी चढवली, नवं तेल भरलं, इंजिन चालवून ते काढलं आणि पुन्हा नवं भरलं.

पण पंपाचा दाब वेगळा आणि धावत्या गाडीचा वेगळा. खरी परीक्षा रस्त्यावर. रविवारी सकाळी गोपाळदादांना निरोप गेला, की गाडी घ्यायला या आणि मेस्त्रींना डिचोलीला सोडायचं आहे. गोपाळदादा आले. बाबुरावांना गॅरेजात बघून त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. बाबुरावांनी त्यांना शेंदराची सगळी कथा सांगितली, एक शब्द न लपवता, चूक माझी म्हणून. गोपाळदादांनी ऐकून घेतलं, "बरा, बरा" म्हणाले आणि गाडीत बसले. महादेवाला वाटलं, अजून रागच आहे.

धारगळ, म्हापसा, अस्नोडा. चढावर महादेव काट्यावरून नजर काढत नव्हता. काटा मधोमध होता. वाटेत कुणी थांबून पाणी बघायचं नाही, असं बाबुरावांनी बजावलं होतं. बघायचं ते डिचोलीला पोचल्यावर आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावर.

म्हणून ते तिघे सुमंगलाच्या सोप्यावर बसले, समोर गाडी उभी करून. बॉनेट उघडं. तास-दीड तास तरी लागणार होता. सुमंगलानं चहा दिला, तो झाला. हवापाण्यावर बोलून झालं. गाडी अधूनमधून आतून बारीक आवाज करत गार होत होती.

महादेवानं तो आवाज ऐकला आणि कान टवकारले. 'टक'. पुन्हा 'टक'. लोखंड गार होताना करतं तोच आवाज. विहिरीच्या काठावर ऐकलेला तो हाच असेल? असेल किंवा नसेल. ब्लॉक शाबूत निघाला होता, आता कुणाला सांगायची गरज नव्हती. पण बाबुरावांसारख्या माणसानं गिऱ्हाइकापुढं आपली चूक कबूल केली होती आणि आपण तेवढे गप्प, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

"गोपाळदादा," तो म्हणाला, "माका तुमका एक सांगूचा आसा. चाचणीच्या दिसा गाडी तापली. मी विहिरीचा थंड पाणी ओतलंय आत. ब्लॉक फुटलो असतो तर तो मी फोडलेलो."

गोपाळदादांनी त्याच्याकडे बघितलं, मग बाबुरावांकडे, मग गाडीकडे. पंच्यानं तोंड पुसलं.

"किती ओतलंस?"

"अर्धी बालदी."

"मी पुरी ओतलंय," गोपाळदादा म्हणाले.

बाबुरावांनी चष्मा वर केला.

"चतुर्थेच्या आदल्या दिसा," गोपाळदादा भडाभडा बोलायला लागले, बाजारातल्यासारखेच. "गणपतीच्या वर माटोळयेक बांधूची फळां भरलेली, घायघाय, पाणी बघूक इसरलंय. पार्सेच्या चढार धूर! व्हाळात बालदी बुडवली आनी ओतली. इंजिन बंद करून! तेव्हाच तुझा गॅस्केट गेला. तू विचारलंस, कसा झाला? मी म्हटलंय, आपसूक. आनी मगे पाणी कमी होवक लागला तेव्हा माका वाटला, ब्लॉक मीच फोडलंय. दर खेपेक गाडी घेऊन येय तेव्हा वाटा, आज ह्यो म्हणतलो, दादा, ह्या तुमचा काम."

"म्हणान तुमी शिव्या देय नव्हतास?"

"शिवी देवक तोंड होता खंय माझ्याकडे!"

बाबुराव उठून उभे राहिले. हात थरथरत होते, पण आवाज जुनाच होता. "पंचवीस वर्सां गाडी माझ्याकडे येता. आनी तू माका फसवलंस?"

"तुमका खंय? म्हादेवाक फसवलंय. तुमका भियालंय म्हणान तर तुमी डिचोलीक जायपर्यंत थांबलंय!"

आतून सुमंगला धावत आली, काय झालं म्हणून. तिला दिसलं ते एवढंच, की तीन बाप्ये माणसं पोट धरून हसत आहेत आणि तिच्या वडिलांच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. ते बऱ्याच दिवसांत असे हसले नव्हते.

बाबुरावांनी पुढं होऊन हाताचा पालथा तळवा रेडिएटरला लावला. "थंड झाला. म्हादेव, उघड."

महादेवानं फडकं धरून झाकण फिरवलं. तिघांची डोकी एकावर एक वाकली. पाणी तोंडाशी होतं, सकाळी सोडलं होतं त्याच खुणेवर. त्यानं तेलाची काडी ओढून उजेडात धरली. तेल मधासारखं, स्वच्छ. फेसाचा मागमूस नाही.

"सुर्ल्याच्या मुकादमाक काय सांगतलंस?" बाबुरावांनी विचारलं. म्हणजे तारानं तेही त्यांना सांगितलं होतं तर.

"दुसरो माणूस बघ म्हणान," महादेव म्हणाला. त्याला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही. मग कुणी सांगितलं नसताना त्यानं रेडिएटरमध्ये पुन्हा एकदा बोट बुडवून बघितलं.